स्वस्त गुंठा, महाग रस्ता

चाकण, राजगुरुनगर, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर. पुणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात कारखाने आले, मागोमाग माणसं आली आणि घरं सगळ्यात शेवटी येत आहेत. या महिन्यातले प्रश्न बहुतेक इथलेच आहेत. कुणी गुंठा घ्यायला निघालाय, कुणी खोल्या बांधायला. एका वाचकाला तर गावात नेमकी माणसं किती हेच कळत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

शिक्रापूरजवळ एजंट आठ लाखांत एक गुंठा देतोय. अकरा जणांनी मिळून अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करायचं आणि आपापसात वाटून घ्यायचं, असं सांगतो. सातबाऱ्यावर नाव लागेल म्हणतो. घ्यावा का?

आधी अकराच जण का, ते पाहा. २०२३च्या अधिसूचनेनंतर जवळपास सगळ्या जिल्ह्यांत बागायत जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे आहे. शेतजमिनीचा त्याहून लहान तुकडा सुटा विकता येत नाही. म्हणून दहा-अकरा गिऱ्हाइकं गोळा करून एक दस्त करतात. नाव सातबाऱ्यावर लागतं हे खरं, पण ते सामाईक लागतं. तुमचा गुंठा रस्त्याकडेचा की ओढ्याकडेचा, हे कुठल्याच सरकारी नकाशावर नसतं. एजंटाने चुन्याने आखलेल्या रेषेपलीकडे तुमच्या हाती काही पुरावा नाही.

अडचण पाच-सात वर्षांनी उभी राहते. अकरातला एक जण वारतो आणि त्याचे चार वारस लागतात. दुसऱ्याच्या हिश्श्यावर पतसंस्थेचा बोजा चढतो, तो सगळ्यांच्या सातबाऱ्यावर दिसतो. तुम्हाला विकायचं असेल तर घेणाऱ्याची बँक सगळ्या सहधारकांची संमती मागते. गृहकर्ज तर सहसा मिळतच नाही, कारण बँकेला तारण म्हणून ओळखू येणारा भूखंड हवा असतो, अविभक्त हिस्सा नको.

आता आठ लाखांचा हिशेब. एक एकर म्हणजे ४० गुंठे, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. रीतसर रेखांकन (लेआउट) मंजूर करून घेतलं तर अंतर्गत रस्ते नऊ मीटरचे लागतात आणि एवढ्या क्षेत्राला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. सगळं जाऊन प्लॉट म्हणून विकायला साधारण २५ गुंठे उरतात. शेतकऱ्याने गुंठ्याला पाच लाख घेतले असतील तर एकराचे दोन कोटी झाले आणि २५ गुंठ्यांवर वाटले तर गुंठा आठ लाखांनाच पडला. रस्ता, गटार, विजेचे खांब अजून बाकीच आहेत. तुमचा एजंटही आठच मागतो, पण दहा-बारा फुटांची बोळ सोडून ३५-३६ गुंठे विकतो. म्हणजे स्वस्त काहीच नाही. मंजूर प्लॉटाच्या भावात त्याने तुम्हाला रस्त्याची जागा विकली. पुढे कधी बांधकाम परवानगी मागायला गेलात की रस्तारुंदीचं क्षेत्र तुमच्या गुंठ्यातून सुटणार. दहा फुटांच्या बोळीत मैलागाडी वळत नाही, अग्निशमनाची गाडी तर शिरतही नाही.

‘पुढे नियमित होतंच की’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं असेलच. विनापरवाना पाडलेले गुंठ्यांचे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१चा. त्याची मुदत २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या विकासासाठी वाढवली. तुकडेबंदीच्या, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीच्या, बाबतीत नोव्हेंबर २०२५च्या अध्यादेशाने नागरी आणि निवासी वापराच्या क्षेत्रातले १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट काढली. या दोन्ही तारखा मागच्या आहेत. आज केलेलं खरेदीखत त्यात बसत नाही. आणि व्यवहार नियमित झाला म्हणजे रेखांकन मंजूर झालं असं नव्हे, घर नियमित होणं तर त्याहून लांब. या तीन गोष्टी तीन वेगळ्या टेबलांवर असतात आणि एजंट त्या एकाच दमात सांगतो.

घ्यायचाच असेल तर विसार देण्यापूर्वी झोन दाखला काढा. जमीन शेती विभागात की निवासी विभागात, हे त्यावर कळतं. मग तीस वर्षांचे सातबारे आणि प्रत्येक फेरफार वाचा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (विकण्यावर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. ‘इतर हक्क’ हा रकाना शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. खेड-शिरूर भागात चासकमान, भामा आसखेड यांच्या लाभक्षेत्रातल्या जमिनींवर पुनर्वसनासाठी हस्तांतरणावर निर्बंध असल्याच्या नोंदी आढळतात आणि खरेदी करणाऱ्याला त्या नोंदणीच्या दिवशी कळतात. शेवटी सरकारी मोजणीची ‘क’ प्रत आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा. नकाशावर नगर रचना विभागाचा किंवा प्राधिकरणाचा मंजुरी क्रमांक आणि दिनांक हवा. आर्किटेक्टचा नुसता शिक्का म्हणजे मंजुरी नव्हे. क्षेत्र ५०० चौरस मीटरवर असेल आणि आठाहून जास्त प्लॉट पाडले असतील तर प्लॉटिंगलाही महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारल्यावर एजंटाचा चेहरा बघा, बरंच काही कळतं.

नोटरीसमोरचं साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र एवढ्यावरच व्यवहार होत असेल तर एक रुपयाही देऊ नये.

मी चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार आहे. हातात २२ हजार येतात. २४ लाखांचा वन बीएचके बघितला आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं अनुदान मिळून जमेल का?

अनुदानाला तुम्ही पात्र ठरू शकता. घर मात्र या आकड्यांत बसत नाही. दोन्ही उलगडून सांगतो.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ला सुरू झाली. त्यातल्या व्याज अनुदानाच्या घटकात वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत चालतं. तुमचं २ लाख ६४ हजार होतं, म्हणजे तुम्ही ३ लाखांच्या आतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात येता. घराची किंमत ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवं. पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर, जास्तीत जास्त १२ वर्षं धरून, ४ टक्के व्याज अनुदान मिळतं. त्याची कमाल १ लाख ८० हजार. ही रक्कम वर्षाला एक अशा पाच हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते, तुमच्या हातात येत नाही. हप्ता जमा होताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. तुमच्या, पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. गावाकडे वडिलांच्या नावावर घर असेल तर ते आड येत नाही. तुमच्या नावावर वाटणीत आलं असेल तर येतं.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखाला महिना साधारण ८६८ रुपये पडतात. १८ लाखांचं कर्ज घेतलंत तर हप्ता १५,६००च्या वर जातो. २२ हजारांत बँक निम्म्यापेक्षा फार जास्त हप्ता धरत नाही. ११ हजार धरले तर कर्ज बसतं पावणेतेरा लाखांच्या आत. उरलेले अकरा-बारा लाख कुठून आणणार? त्यात कंत्राटी नोकरी. सरकारी बँकेने नाही म्हटलं की माणूस गृहवित्त कंपनीकडे जातो. तिथे १२ टक्के लागले तर लाखाला ११०० रुपये पडतात. त्याच ११ हजारांत फक्त दहा लाख मिळतात. अनुदानाचे एक लाख ऐंशी हजार या फरकातच विरघळून जातात. ब्रोकर ‘सबसिडी वजा जाता’ अशी किंमत सांगतो तेव्हा हे गणित तो करत नाही.

शिवाय २४ लाख ही काही शेवटची किंमत नव्हे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून ढोबळ सहा-सात टक्के धरा. ग्रामपंचायत हद्द की नगरपरिषद हद्द, यावर दर बदलतो. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं आणि ते ४५ लाखांच्या आत व चटई क्षेत्र ९० चौरस मीटरच्या आत असेल तर जीएसटी १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर शून्य. वीजमीटर, सोसायटीची ठेव, पार्किंग यांचे पैसे वेगळे. बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देते म्हणतात, पण तुमच्याकडून आधी दहा टक्के आणि हा वरचा खर्च मिळून चारेक लाख रोख लागतातच.

तुमच्या पगारात आजच्या घडीला झेपणारं घर १४-१५ लाखांचं आहे. एमआयडीसीच्या सायकल-अंतरात नवं असं घर मिळत नाही, जुनं वन आरके मिळू शकतं. पत्नी कमावत असेल तर तिला सहकर्जदार करा, गणित एकदम बदलतं. नाहीतर अजून तीन-चार वर्षं भाड्याने राहणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे, त्यात कमीपणा नाही. तेवढ्या काळात पगार रोख न घेता खात्यावरच घ्या, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं भरा, पीएफचं पासबुक जपून ठेवा. कंत्राटदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवायला सांगा. कंत्राटी माणसाच्या कमाईचा सलग पुरावा बँकेला सहसा तिथेच दिसतो. मोबाइल किंवा दुचाकीच्या कर्जाचा एक चुकलेला हप्ताही पुढे आडवा येतो.

घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर काही फायदा?

आहे. निवासी घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २४ लाखांवर २४ हजार. नवऱ्याचं नाव सहमालक म्हणून घातलं की सवलत गेली. कर्जात मात्र नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्यासाठी तो मालक असावा लागत नाही.

राजगुरुनगर-चाकण रस्त्याला आमची सात गुंठे जागा आहे. कामगारांसाठी दहा खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या आहेत. काय काळजी घ्यावी?

या पट्ट्यात खरी गरज भाड्याच्या खोल्यांचीच आहे. सरकारी योजना मालकीच्या घराभोवती फिरतात. पहिली पाच वर्षं येणाऱ्या माणसाला मात्र पाणी आणि संडास असलेली एक खोली हवी असते. म्हणून तुमच्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो.

खोलीचा आकार १० बाय १२ फूट ठेवा, म्हणजे ११ चौरस मीटर. राहण्याची खोली साडेनऊ चौरस मीटरच्या खाली आणि २.४ मीटरपेक्षा अरुंद नको. समोरासमोर नाही जमलं तरी दोन बाजूंना झडपा हव्यात. खोलीतच गॅस पेटतो आणि रात्रपाळीचा माणूस दिवसा दार लावून झोपतो. पत्र्याचं छप्पर स्वस्त पडतं, पण एप्रिल-मेमध्ये दिवसा झोपणारे भाडेकरू टिकत नाहीत आणि दोन महिने खोल्या रिकाम्या राहिल्या की वाचलेले पैसे परत जातात. स्लॅब टाकता येत नसेल तर पत्र्याखाली किमान छत करून घ्या.

संडासांचं गणित खोल्यांवर करू नका, माणसांवर करा. एका खोलीत चार जण राहणार हे धरूनच चाला, करारात काहीही लिहा. चाळीस माणसं. पुरुषांच्या वसतिगृहासाठी आठ जणांमागे एक संडास हे मान्य प्रमाण आहे, म्हणजे पाच. शिफ्टच्या गावात तरीही सकाळी रांग लागते, कारण पहिल्या पाळीचे सगळे एकाच तासात निघतात. सहा करा. कुटुंबं ठेवणार असाल तर प्रत्येक खोलीला स्वतःचा संडास-बाथरूम लागेल. ते आत्ता केलं नाही तरी पाइपांची जागा आत्ताच सोडा. आज कॉट बेसिसवर (फक्त झोपण्याच्या जागेचं भाडं देऊन) राहणारे चार पोरगे तीन-चार वर्षांत लग्न करून बायको आणतात, आणि तेव्हा संडास खोलीत नसेल तर ते दुसरीकडे जातात.

पाणी माणशी १३५ लिटर धरा. ४० जणांना रोज ५,४०० लिटर. एका दिवसाचं पाणी खाली टाकीत आणि निम्मं वर, एवढी साठवण हवीच. तुमची बोअर उन्हाळ्यात बंद पडत असेल तर दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. भाडं ठरवताना हे एप्रिल-मेचे टँकर बाराने भागून त्यात धरा, नाहीतर उन्हाळ्यात भाडेकरूंशी रोज वाद ठरलेला.

सेप्टिक टँक हे या भागातलं सगळ्यात दुखरं काम. मिस्त्री सवयीने ६ बाय ४ची टाकी बांधतो. ती एका कुटुंबाची. पन्नास माणसांसाठी आतून साधारण ५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर एवढी टाकी लागते, तीही दर वर्षी उपसली तरच. मधे भिंत घालून दोन कप्पे करा आणि मैलागाडी टाकीपर्यंत पोहोचेल एवढा रस्ता सोडा. काळ्या मातीत शोषखड्डा काम करत नाही. तो पावसाळ्यात उलटा भरतो. टाकीचं पाणी ओढ्यात सोडलं की शेजाऱ्याची विहीर जाते आणि भांडण पोलिसांत.

एका मीटरवर दहा खोल्या चालवू नका. वापर वाढला की वीजदराची पायरी चढते आणि सगळ्यांचं युनिट महाग होतं. मग मालक अंदाजे पैसे लावतो आणि भाडेकरू हीटर लावून ते वसूल करतो. वेगवेगळे मीटर घ्या.

करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना ९ हजार भाडं, ३० हजार अनामत, ११ महिने असं धरलं तर ते अडीचशे-तीनशे रुपयांत बसतं. नोंदणी शुल्क शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन नोंदणी आधारच्या अंगठ्यावर होते. खोलीत चार जण राहणार असतील तर चौघांचीही नावं लिहा. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे ‘मित्र’, असं असलं की खोली सोडवताना नेमकं कुणाविरुद्ध जायचं हेच ठरत नाही. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही द्या. कराराची एक प्रत भाडेकरूला द्यायला बरेच मालक कचरतात. द्या. त्या कागदाशिवाय त्याचं गॅस कनेक्शन, बँक खातं, मुलाचा शाळाप्रवेश अडतो, आणि अडलेला माणूस खोली बदलतो.

बांधकाम परवानगी घ्या हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. परवानगीशिवायच्या खोल्यांवर कर्ज मिळत नाही आणि रस्तारुंदीत गेल्या तर मोबदल्यासाठी हात पसरावे लागतात.

शिरूर नगरपरिषद हद्दीत आमचं पत्र्याचं घर आहे. उतारा आजोबांच्या नावावर. घरकुल मिळेल का, आणि अडीच लाखांत घर होतं का?

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ‘स्वतःच्या जागेवर बांधकाम’ या घटकात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, मिळून अडीच लाख मिळतात. उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, घराचं चटई क्षेत्र ३० ते ४५ चौरस मीटर. पण पहिली अट म्हणजे जागा तुमच्या नावावर असणं. आजोबांनंतर वारस नोंद झालेली नसेल तर अर्ज तिथेच थांबतो, आणि या योजनेतले कितीतरी अर्ज तिथेच थांबलेले असतात. सिटी सर्व्हेत असलेल्या जागेची वारस नोंद भूमी अभिलेख कार्यालयात होते, सातबाऱ्याची तलाठ्याकडे. काका-आत्यांचे हिस्से असतील तर त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या संमतीवर विसंबू नका. नगरपरिषदेच्या घरपट्टीवर तुमचं नाव असणं म्हणजे मालकी नव्हे.

अडीच लाखांत घर होत नाही. ३० चौरस मीटर चटई म्हणजे ३२३ चौरस फूट, बांधीव ३८०च्या आसपास. १,८०० रुपये दर धरला तरी पावणेसात लाखांच्या पुढे जातं. हाताशी चार लाख असल्याशिवाय जुनं घर पाडू नका. अनुदान काम झाल्यावर, जागेवरून जिओ टॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो चढल्यावर, टप्प्याटप्प्याने येतं. जोत्यापर्यंतचे पैसे आधी तुम्हालाच घालावे लागतात. छप्पर उतरवलं, जोतं झालं आणि हप्ता अडकला की पावसाळा भाड्याच्या खोलीत काढावा लागतो.

सामानाचा अंदाज: चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि सळई चार किलो. म्हणजे दीडशे पोती आणि दीड टन. सिमेंट एकदम भरू नका. पावसाळी हवेत तीन महिन्यांत त्याची ताकद घटते. लागेल तसं चाळीस-पन्नास पोत्यांनी आणा. घोडनदीच्या काठच्या काळ्या मातीत पाया मातीवर थांबवला तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या चिरा जातात, कारण ती माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि जोत्याच्या पातळीला सलग आरसीसी पट्टा फिरवा. मिस्त्री म्हणेल, छोट्या घराला कशाला. घर छोटं असलं तरी खालची माती तीच असते.

आमच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं. नगरपरिषद म्हणते, लोकसंख्येप्रमाणे योजना पुरेशी आहे. खरी लोकसंख्या कशी काढायची?

नगरपरिषदेचा आकडा २०११चा. त्यानंतरची जनगणना २०२१मध्ये झालीच नाही. पुढची घरयादी २०२६मध्ये आणि प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७मध्ये, तीही १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून. तोवर अनुदानाची वाटणी असो की पाणीयोजना, हिशेब जुन्या आकड्यावर किंवा त्यावरून ओढलेल्या रेषेवर चालतो. ती रेषा जन्म-मृत्यूच्या वेगाने वर जाते. कारखान्याच्या गावात माणसं मात्र बसने येतात.

मतदारयादी तर फसवतेच. लातूर-नांदेडहून किंवा बिहारहून आलेल्या पोराचं नाव गावच्या यादीत असतं. तो मतदानाला गावी जातो, पाणी इथलं पितो.

त्यापेक्षा वीजजोडांवरून मोजा, पण सरसकट गुणू नका. समजा, गावात १२ हजार घरगुती जोड आहेत. चारने गुणले की ४८ हजार होतात. आता त्यातले दीड हजार मीटर चाळींचे निघाले, प्रत्येकावर आठ खोल्या, खोलीत तीन माणसं धरली, तर तिथेच ३६ हजार माणसं झाली. उरलेल्या साडेदहा हजारांतले १५ टक्के फ्लॅट कुलूपबंद, गुंतवणुकीचे. राहिले ८,९२५, चारने गुणून ३५,७००. एकूण ७१,७००. फरक २३,७०० माणसांचा, पाण्यात ३२ लाख लिटरचा, म्हणजे दहा हजारी टँकर धरले तर रोजच्या ३२० फेऱ्यांचा. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे महावितरणच्या उपविभागाकडून माहितीच्या अधिकारात मागा.) चाळींची मोजणी पायी फिरूनच होते. दोन प्रभाग नमुना म्हणून घेतले तरी अंदाज येतो.

दुसरी खूण म्हणजे पहिलीच्या वर्गाचा पट. झेडपीची, नगरपरिषदेची, खासगी अशा सगळ्या शाळांचा पाच वर्षांचा घ्या. आधी नुसती एकटी पोरं येतात, मेस आणि कॉट भरतात. पटावर काहीच दिसत नाही. मग बायका येतात, अंगणवाडी भरते, आणि पहिलीचा पट चढायला लागला की समजा गाव ‘तात्पुरतं’ राहिलं नाही. त्यापुढच्या टप्प्यात गावाकडचे म्हातारे आई-वडील येतात आणि दवाखान्याची रांग वाढते. घरांची मागणीही याच क्रमाने सरकते, कॉटवरून खोलीकडे, तिथून वन बीएचकेकडे. बिल्डर मात्र पहिल्या दिवसापासून टू बीएचके बांधतो, कारण घेणारा पुण्यातला गुंतवणूकदार असतो. म्हणून एकाच गावात कुलूपबंद फ्लॅट आणि खोलीत सहा माणसं, ही दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी दिसतात.

हे आकडे घेऊन मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्याच, पण त्याहून जास्त उपयोग विकास आराखड्याच्या वेळी होतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. तेव्हा ‘लोकसंख्या जास्त आहे’ असं मोघम लिहू नका. प्रभाग, जोड, पट, टँकरफेऱ्या असे आकडे जोडा आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी, शाळेसाठी, मैलाशुद्धीकरणासाठी गट क्रमांक सांगून जागा मागा. आरक्षण पडल्यावरही लक्ष ठेवा. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगर रचना कायद्याच्या कलम १२७ची नोटीस देतो आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण सुटतं. मोठ्या प्रकल्पांत २० टक्के घरं दुर्बल गटांसाठी ठेवण्याचा नियम मुळात दहा लाखांवरच्या महापालिकांसाठी केलेला आहे. तुमच्यासारख्या गावाला आरक्षित जागा हा मोठा आधार आहे, आणि ती एकदा गेली की परत मिळत नाही.

बिल्डर म्हणतो, इमारतीत आठच फ्लॅट आहेत, महारेरा लागत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नंतर देतो, ताबा घ्या. घ्यावा का?

आठपर्यंत फ्लॅट असतील किंवा जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, हे बरोबर आहे. पण सगळे टप्पे मिळून आठ. त्याच आवारात शेजारी ‘बी विंग’चे खड्डे खणलेले दिसत असतील तर ती सूट लागू नाही. नोंदणी नसली तरी १९६३चा मोफा (फ्लॅटच्या विक्रीबाबतचा) कायदा लागू आहे. करार नोंदवण्याआधी किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेरातल्या प्रकल्पात ही मर्यादा १० टक्के आहे.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याच्या दाखल्याशिवाय, ताबा घेऊ नका. नळजोड तात्पुरता मिळतो किंवा मिळतच नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला कर्ज मिळत नाही, आणि एकदा तुम्ही राहायला गेलात की बिल्डरला तो कागद आणायची घाई उरत नाही. भाडं परवडत नाही म्हणून जावंच लागणार असेल तर शेवटचे दहा टक्के रोखून धरा, आणि ते भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेला द्यायचे आहेत असं कलम मूळ करारनाम्यात आधीच घालून घ्या. ताब्याच्या दिवशी साध्या कागदावर लिहून घेतलेलं पुढे फार उपयोगी पडत नाही.